सरकलेलं काळीज

अंबूबाईने मुसळाचा तिसरा फटका मारला, तेव्हा कुठे किरणचे हात संजीवनीच्या गळ्यावरून सुटले. मुलगा गोठ्याच्या दाराशी कोसळला. सून भिंतीला टेकून खोकत राहिली. बिरवाडीला कंपनीत कामाला जाईन, असं ती बोलली होती. निमित्त एवढंच.

थोड्या वेळाने किरणला श्वास पुरेना. ओठ निळे पडू लागले, तशी अंबूबाईनेच शेजारच्या धोंडूला जीप काढायला लावली. पोलादपूरच्या डोंगरावरून महाडपर्यंत तिने मुलाचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. संजीवनी मागे बसली होती.

"कशाने लागलं?" दवाखान्यात डॉक्टर मैथिलीने विचारलं.

"म्हशीनं ढुशी मारली," अंबूबाई म्हणाली.

मैथिलीने एक्स-रे उजेडावर धरला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. छातीची डावी बाजू नुसती काळी होती, फुप्फुसाच्या बारीक रेषा तिथे कुठेच नव्हत्या. ते मिटून आत मुठीएवढं झालं होतं. श्वासनलिका आणि हृदय, दोन्ही उजवीकडे ढकलली गेली होती.

"फुप्फुस फुटलंय. हवा छातीत कोंडलीय, काळीजसुद्धा सरकलंय. धरा त्याला."

अंबूबाईने किरणचे दंड गादीवर दाबून धरले. जाड सुई बरगड्यांमधून आत घुसली. ओरडायला त्याच्यात श्वास नव्हता. त्याने हात हिसडला आणि ठोसा आईच्या जबड्यावर बसला. तिने पकड सोडली नाही. सुईतून फस्सकन हवा सुटली.

मग मैथिलीने छातीत नळी बसवली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सोडू लागलं. किरणच्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्याला जरा कुशीवर वळवलं, तेव्हा पाठीवरचे तीन लांब वळ दिसले.

"हे म्हशीचं वाटत नाही," मैथिली म्हणाली. "मला पोलिसांना कळवावं लागेल. खरं काय झालं?"

किरणने आईकडे पाहिलं.

"म्हशीनंच मारलं," तो धापा टाकत म्हणाला. "घरचीच हाय. माझी तक्रार नाय."

दाराशी उभ्या संजीवनीने मानेभोवतीचा पदर आणखी आवळून घेतला. अंबूबाईच्या तोंडात रक्त आलं होतं. ते तिने हाताने पुसलं.

"म्हशीनं नाय, बाय. मी मारलं. मुसळानं."

"आई, गप बस. तुलाच नेतील."

"नेऊ दे."

"का मारलंत?" मैथिलीने विचारलं.

अंबूबाई मुलाकडे न बघता बोलली.

"तुमी म्हैस लिवलीत, तं हिच्या गळ्याचं कोन लिवनार?"

 संजीवनी सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मानेवरचा पदर तिने स्वतःच खाली घेतला.