जन्मापासून गप्प

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी क्रांतीची कूस उजवली नव्हती. सासू रंगूबाई तिला येता-जाता वांझोटी म्हणायची. १९९६ साली फौजेतून सुट्टीवर आलेल्या तिच्या नवऱ्यानं, सयाजीनं, सांगलीत स्वतःचीही तपासणी करून घेतली.

"तुमच्यात पुरुषबीज तयार करणाऱ्या मूळ पेशीच जगल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "त्यांना वाढवणारं जनुक जन्मापासून गप्प, म्हणजे बंदच असावं. यावर औषध नाही."

आष्ट्याला घरी परतल्यावर सयाजीनं रडत रडत आईला सगळं सांगितलं. रंगूबाई क्रांतीकडे वळली.

"जल्मापासनं? म्हंजी माज्याच पोटात कायतरी कमी पडलं का गं?" तिनं सुनेला विचारलं.

इतक्या वर्षांचं सारं क्रांतीच्या ओठांवर आलं होतं. पण म्हातारीचे हात धरून ती म्हणाली, "न्हाई आत्ती, कुणाचंबी चुकलं न्हाई." मग मात्र तिलाच हुंदका आवरेना.