दगड, केर आणि धोंडी

विजेचं इंजिन घाटात नवंनवं आलं, त्या साली तिकोणा पेठेच्या गेणूला लोणावळ्यात रेल्वेच्या गँगमध्ये काम लागलं. काम लागलं, पण खोली मिळेना. जो तो घरमालक आधी "पोरं हायेत का?" विचारी आणि मग दार लावी. बायकापोरांना गावी टाकून एकट्यानं राहायचं, हे काही गेणूच्या गळी उतरेना.

शेवटची आशा म्हणजे कुसगावची, साऱ्या गावाची मावशी; तिची एक खोली रिकामी होती. तिचं खरं नाव गावही विसरलेलं. कान असे तिखट, की खंडाळ्यात डास शिंकला तर ही इकडून "कोन हाय रं?" म्हणायची. पोर रडलं की तिची कौलं सरकतात, असंही ती शपथेवर सांगे.

"संगं काय काय हाय?" मावशीनं विचारलं.

गेणू खोटं बोलणारा नव्हे. पण त्याची मिशी अशी दाट, की शब्दांची शेपटं तिच्यातच अडकत. तो म्हणाला, "दगडू, केरू आन् धोंडी." मिशीबाहेर पडलं ते दगड, केर आणि धोंड.

"दगड-धोंडं कशाला रं?"

"त्यांच्याबिगर झोप न्हाई लागत, मावशी."

"आन् केर? हितं काय कमी हाय?"

"आपला त्यो आपल्याला ग्वाड."

'येडं हाय, पन गरीब हाय,' असं ठरवून मावशीनं किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली. गेणूची बायको शालू उतरली आणि तिच्यामागून टपाटप तीन पोरं: दगडू, केरू आणि धाकटी धोंडी. दृष्ट लागू नये म्हणून आजीनं असली नावं ठेवलेली.

"ही कुनाची?" मावशी कडाडली.

"कालच सांगितलं की!"

"भर माघारी गाडीत! आत्ताच्या आत्ता!"

गेणूचं तोंड पडलं. तो गाठोडी चढवू लागला. धोंडी तर केव्हाच मावशीच्या फणसावर. निघण्याआधी पोरांच्या पोटात घास जावा म्हणून शालूनं भाकरी सोडली आणि खच्चून ओरडली, "धोंडे! ए धोंडे! पाय धू आन् गप जेवाया ये!"

मावशीचा कमरेवरचा हात गळाला. ती रांजणापाशी गेली, पाय धुतले आणि शालूपुढं मांडी घालून बसली. बैल रवंथ करायचे थांबले.

"धोंडाबाई नाव माजं," मावशी पुटपुटली. "आई गेल्यापास्नं आसं कुनी बोलावलंच न्हाई बग."

शालूनं भाकरीवर ठेचा ठेवला. "मग खा की, धोंडे..." आणि जीभ चावली. "मावशी!"

"पयलंच म्हन!" मावशीनं दम भरला.

गाठोडी उतरली. पुढं कौलं सरकली ती सरकलीच. एक तर थेट कार्ल्यात सापडलं. पण कुणी "मावशी, पोरं ठिवलीस व्हय?" म्हणून डिवचलं, की ती फणकारे, "पोरं कुटं? एक दगड, एक केर, आन् दोन धोंड्या!"