जाफन्याच्या पुजाऱ्याला पत्र

“गुरुजी, हे राजकारण खोडा,” मी म्हटलं. “माझा मधू कुठंय, एवढंच विचारा.”

चिंतामणी गुरुजींना माझ्या धाकट्या दिराने, आण्णाने, अंबरनाथहून शिरगावला आणलं होतं ते मधूचे दिवस घालायला. शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्या माझ्या लेकाचा दहा महिने पत्ता नव्हता. पलटणीचं पत्र आलं, ‘बेपत्ता’. आण्णाला तेवढं पुरलं. मधूची बायको मालिनी कुंकू लावून दारात उभी राहिली की लाज ह्याला वाटायची.

मी गुरुजींच्या हातात दर्भाऐवजी कागद दिला. तिकडं शंकराची देवळं आहेत म्हणता, मग जाऊ द्या पुजाऱ्याचं पुजाऱ्याला पत्र.

“पण भाषा कुठली?”

“संस्कृत. दक्षिणा घेताना येतंच की घडाघडा.”

गुरुजी पेटले. दोन पानं भरली तरी दिल्लीने काय करावं अन् कोलंबोने काय करू नये, हेच चाललेलं. मी दुसरी शिकलेली, पण नुसतं लांबण लावलेलं मला कळतं.

“वहिनी, लोक हसतील आपल्याला,” आण्णा म्हणाला.

“तू गप. तुझं लग्न जमवायला सोळा पत्रं धाडली होती. तेव्हाही हसलेच.”

शेवटी लिहिलं: उंच आहे, डाव्या भुवईवर व्रण, झोपेत बडबडतो. त्या बडबडीपाशी गुरुजी अर्धा तास अडले. पाकिटावर पत्ता: मुख्य पुजारी, शंकराचं मोठं देऊळ, जाफना. पोस्टातला बाबू हसला. मी तिकीट लावून घेतलंच. आण्णाला बजावलं, उत्तर येईपर्यंत मालिनीच्या कपाळाकडं बघायचं नाही.

चार महिन्यांनी उत्तर आलं. अक्षर असं, की कोंबडी चालून गेली असावी. गुरुजी बोट ठेवून अर्थ लावू लागले. आपला मुलगा इकडे दिसला नाही. दिसला तर आधी जेवू घालीन, मग कळवीन.

गुरुजी थांबले. चष्मा पुसायला लागले.

“पुढं वाचा.”

“त्यांचाही मुलगा गेल्या वर्षी घरातून नेला. कोणी नेला ते लिहीत नाहीत. विचारतात, तुमच्या बाजूला कुठं दिसला का?”

“आता शिरगावात कुठून दिसणार तो?” आण्णा म्हणाला.

मालिनीने न सांगताच कागद आणि पेन आणून गुरुजींपुढं ठेवलं.

“लिहा,” मी म्हटलं. “पोराचं नाव विचारा, वय विचारा. आणि त्याची आई जेवते का, तेही विचारा.”