तळहातावरचे ठिपके

आमच्या घरात माणसाच्या तोंडाआधी तळहात बघतात. मोहरीएवढे कडक ठिपके तळहातावर उठले, की हात तयार झाला असं धरतात. तोवर चित्रातली पानं, वेली नाहीतर घोड्यांच्या शेपट्या रंगवत बसायचं. राजाच्या चेहऱ्याला कुंचला लावायचा नाही. हा नियम कोणी केला, ते मला विचारू नका. मी नवी सून असताना विचारलं होतं, तेव्हा सासूबाईंनी असं काही पाहिलं की पुन्हा तोंड उघडलं नाही.

माझे सासरे संग्रहालयात बसतात. राजांची चिलखतं, राण्यांचे पलंग, हस्तिदंती पेट्या हे सगळं ओलांडलं की एक खोली लागते. तिथे दोरीमागे बसून ते जुन्या दरबारी पद्धतीची चित्रं रंगवून दाखवतात आणि शेजारी बसून माझी लेक शिकते. मी त्याच खोलीत राखणदार आहे. “काचेला हात लावू नका” हे मी झोपेतही बडबडत असेन. सासरे कुंचला ओठांत फिरवून त्याचं टोक काढतात, ते लोकांना फार आवडतं. पिवळ्यात बुडवायचा, एक रेघ ओढायची, पुन्हा ओठांत. लगेच फोटोंचा पाऊस. संग्रहालयाच्या साहेबांनी तर तोच फोटो तिकिटावर छापलाय.

तो पिवळा म्हणजे हरताळ. त्याचा दगड आणतो आणि घरीच वाटून रंग करतो. राजाचे दागिने, सिंहासन, डोक्यामागचं तेज, सगळं त्याचंच; पानांच्या हिरव्यातही तोच.

माझ्या नवऱ्याचे ठिपके उशिरा आले. वेली काढून काढून बिचारा रडकुंडीला आला होता. आले तेव्हा सगळी गल्ली हात बघायला गोळा झाली. मग त्याने हौस फिटेपर्यंत राजे काढले. पुढे एका ठिपक्याची जखम झाली आणि ती भरेचना. आधी बोट कापलं, मग हात, आणि मग तोच गेला. “दृष्ट लागली हाताला,” सासरे म्हणाले. मीही मान हलवली. माझ्याकडे तरी दुसरं कारण कुठे होतं?

गेल्या महिन्यात लेकीचे ठिपके उठले. “आई, बघ ना, बघ!” करत ती भर दालनात माझ्याकडे धावत आली. सासऱ्यांनी तिचा तळहात आपल्या कपाळाला लावला. तिने राजाचा चेहरा हाती घ्यायचा दिवसही ठरला.

तो दिवस यायच्या आत जुनी चित्रं तपासायला एक रसायनवाल्या बाई आल्या. हातमोजे काय, तोंडाला पट्टी काय. मी म्हटलं, “बाई, चित्र आहे ते, चावत नाही.” त्या हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष दोरीपलीकडे गेलं, तर लेकीने नेमका कुंचला ओठांत धरलेला. बाई दोरी ओलांडून आत घुसल्या.

“थुंक! आधी थुंक ते!”

लेक गांगरून थुंकली. बाईंनी तिचे तळहात उलटे करून पाहिले आणि तिथेच खाली बसल्या.

“हरताळात सोमल असतो हो, आर्सेनिकचं विष,” त्या मला म्हणाल्या. “रोज थोडा थोडा पोटात गेला की हे ठिपके येतात. काहींचे पुढे चिघळतात.”

“कोणाचे?”

“ते आधी सांगता येत नाही.”

“मी ऐंशी गाठली की!” सासरे म्हणाले.

“तुमचं नशीब, आजोबा.”

मला नवऱ्याचा कापलेला हात दिसला.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. विष बंद करा, ठिपके जातीलच असं नाही, जन्मभर लक्ष ठेवा. एवढ्या कमी वयात इतके कसे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा लेक खाली बघून म्हणाली, “काम नसलं तरी मी कुंचला चोखायचे. लवकर यावेत म्हणून.” मला तिथेच तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिथेच तिला पोटाशी घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही.

घरी आलो. सासरे खाटेवर बसले होते. लेक त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आजोबा, ठिपके तर विषाचे निघाले. मग माझा हात तयार झालाय की नाही?”

मी मनात म्हटलं, पोरीला जिवाची नाही, रेघेची पडलीय. बापाचीच लेक.

सासऱ्यांनी तिचा तळहात हातात घेतला. मग म्हणाले, “तू पहिलं पान काढलंस ना, तेव्हाच तयार होता. रेघ बघितली की कळतंच मला.”

“मग चेहरा का नाही दिलात?”

“ठिपके कुठे होते, बाळ?”

लेकीचा आवाज चिरकला. “आणि बाबांचा हात?”

“त्याचा तर तुझ्याहून लहान असताना तयार होता,” सासरे म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. ते माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी बोलावं म्हणून ते बघतच राहिले. या वेळी मी मान हलवली नाही.