कडेनं बघताना

पितळी पट्टीवरचे ते उंचवटे तिच्या बोटाला टोचत होते. आणि बोट तिचं असलं तरी ते धरून फिरवत होता तिचा नवरा. "बघ, हे झाडाचं नाव. सहज हात फिरवत राहायचं, हळूहळू वाचता येईल तुला."

सहज म्हणे! दोन बसगाड्या बदलून कुणी शहराबाहेरच्या या अवाढव्य बागेत सहज येतं? फाटकाशी मोठा नकाशा होता, नवऱ्यानंच तो वाचून दाखवला होता... कमळांचं तळं, बांबूचं बन, दगडांची बाग, निवडुंगांचं काचघर... आणि एवढं सगळं सोडून हा गृहस्थ तिला सरळ घेऊन आला तो इथं, अंधांसाठी केलेल्या वासांच्या बागेत. कठडा धरून चालायचं, पान चुरगाळायचं, हुंगायचं. म्हणजे आतापासूनच सराव.

पण तिला दिसत होतं! डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता, जिकडे बघावं तिकडे तो आधी हजर. कडा मात्र शाबूत होत्या. एखादी वस्तू बघायची तर नजर जराशी बाजूला न्यायची, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं, डॉक्टरांनी सांगायच्या आधी. नवऱ्याकडे बघितलं की त्याचं तोंड गायब व्हायचं. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा तिला हसूच फुटलं होतं– "अहो, तुमचे नुसते कान उरलेत!" तो हसला नव्हता.

रंगांचं मात्र... एकतीस वर्षं शिवणकाम केलेली बाई ती. कापड एकदा नजरेखालून गेलं की नमुना बरोबर न नेता दुकानातून नेमक्या त्याच छटेचं रीळ उचलून आणायची. आणि चार महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा गर्द हिरवा झगा तिनं काळ्या दोऱ्यानं शिवून दिला. ती बाई काही बोलली नाही, फक्त पुढचं कापड दुसरीकडे टाकलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नवराही बोलेनासा झाला. म्हणजे बोलायचा, पण काय? "हो गं." "बरोबर आहे तुझं." पडद्यांवरून, भाजीतल्या मिठावरून, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून जो माणूस आयुष्यभर हमरीतुमरीवर आला, त्याला आता तिचं सगळंच पटायला लागलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलत नाहीत, तसं चाललंय याचं... मी काय मेले का?

तिनं बोट सोडवून घेतलं. "मला काचघर बघायचंय."

"अगं, तिथं पायऱ्या आहेत, काटे आहेत–"

"काटेच बघायचेत मला."

आणि ती निघालीसुद्धा. मान एका अंगाला वळवून चालत होती. लोकांना वाटत असेल, ही बाई रुसलीय. वाटू दे, रुसलेच आहे मी. पायरीपाशी ठेचकाळली, गुडघा चांगलाच सोलवटला. कुणीतरी पहारेकरीण धावत आली, "काकू, हात देऊ?"

"नको. दार कुठंय तेवढं सांगा."

काचघरात कोरडी, भाजणारी हवा होती. कमरेएवढ्या उंचीवर एक गोल निवडुंग आणि त्याच्या डोक्यावर फूल. ती वाकली. नजर डावीकडे नेली, जरा खाली... फूल कडेला आलं, निसटलं, पुन्हा आलं. मागं धापा टाकत नवरा येऊन उभा राहिला.

"जांभळं आहे," ती म्हणाली.

"हो. जांभळं. छान आहे."

फार लवकर म्हणाला.

"खरं सांगा."

"अगं, जांभळंच–"

"खोटं बोलू नका माझ्याशी! आंधळी व्हायची तेव्हा होईन. पण तोवर काय, त्यानंतरही, मला हो-हो करणारा माणूस घरात नकोय. कळलं?"

तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "गुलाबी आहे. भडक गुलाबी."

लागलंच ते. खोल लागलं, नाही कशाला म्हणायचं? सगळे रंग एकेक करून असेच जाणार, आणि हा शेजारी उभा राहून त्यांची नावं सांगणार... आणि तरी तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"तुम्हाला कधी कळलाय का रंग? लग्नातला तो कोट चॉकलेटी होता, तुम्ही जन्मभर करडा म्हणत आलात!"

"करडाच होता तो!" तो एकदम उसळून म्हणाला. पलीकडची माणसं वळून बघायला लागली.

"चॉकलेटी!"

"अगं, मी घातला होता का तू?"

"मी बघितला होता!"

चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. तिच्या कानशिलांत ऊब आली. भीती होती तशीच होती, तसूभरही हलली नव्हती; पण कडकडून भूक लागावी तसं तिला भांडावंसं वाटत होतं, आज, उद्या, अगदी काही दिसेनासं झाल्यावरही.

"गुलाबी म्हणे," ती पुटपुटली आणि निवडुंगाच्या दुसऱ्या बाजूला जायला निघाली. "थांबा, इकडून बघते. माझं बघून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

"बघ की. गुलाबीच दिसेल."

तिनं मान तिरकी केली आणि बघायला लागली.