याशिवाय १४३ विमाने आली

"युद्धाच्या काळात ज्यांनी आकाशाला गवसणी घातली, त्यांची नावे काळसुद्धा पुसू शकणार नाही!"

विमानतळाच्या स्मारक समितीने छापलेल्या निमंत्रणपत्रिकेतलं हे पहिलंच वाक्य. आत्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं ठरणार होतं. जे नाव मुळात लिहिलेलंच नाही, ते काळ तरी बिचारा पुसणार कसं?

पत्रिकेसोबत संगमरवरी शिलेचा फोटो होता. आत्याच्या भाच्याने तो भिंग लावून वाचायला घेतला. भाचा साठीचा होता, गुडघे दुखत होते, पण आत्यासमोर वाचायला बसला की त्याचा आवाज आपोआप चौथीतल्या मुलासारखा व्हायचा. शिलेवर अकरा वैमानिकांची नावं होती. अमुक यांनी एक्केचाळीस विमाने आणली, तमुक यांनी अठ्ठावीस विमाने आणली. अकरा नावं संपल्यावर भाचा थांबला आणि भिंग पुसायला लागला.

"पुढे?" आत्या म्हणाली.

"पुढे एकच ओळ आहे."

"मग वाच की. भिंग काय विमानाची काच आहे, इतकं पुसायला?"

"याशिवाय," भाच्याने वाचलं, "१४३ विमाने आली."

स्वयंपाकघरातून भाच्याची बायको हात पुसत बाहेर आली, कारण या घरात आत्या गप्प बसली की लोक काम सोडून धावत यायचे.

"आली म्हणजे?" तिने विचारलं. "आपली आपण?"

"तसंच दिसतंय," आत्या म्हणाली. "रस्ता सवयीचा झाला असेल."

चौऱ्याण्णव वर्षांच्या आत्याची त्या युद्धातली कामगिरी सांगायला सोपी होती. कारखान्यात विमान तयार झालं की ते उडवत तळावर पोचवायचं. रेडिओ नाही, बंदूक नाही. मांडीवर नकाशा, खाली रेल्वेचे रूळ. रूळ दिसतात तोवर आपण बरोबर, रूळ गायब झाले की खाली यायचं आणि स्टेशनाच्या पाटीवरचं नाव वाचून पुन्हा वर जायचं. पायाखालच्या पेडलपर्यंत पाय पोचत नसत, म्हणून तिच्या पाठीमागे दोन उशा असायच्या. पुरुष वैमानिक आघाडीवर कमी पडायला लागले तेव्हा हवाई शाळेत शिकलेली ही मुलगी 'तात्पुरती सोय' म्हणून बोलावली गेली, आणि ती सोय चार वर्षं चालली. फक्त वरून एक परिपत्रक आलं होतं: महिलेने विमान आणण्यास हरकत नाही, मात्र तशी नोंद होता कामा नये.

तळावरचा नोंदी करणारा कारकून नियमाचा पक्का. खिशावर कायम निळा डाग असल्यामुळे सगळे त्याला शाईकाका म्हणत. त्याने आत्यासमोर रजिस्टर कधी उघडं ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी तिने बघायला मागितलं तेव्हाही मान हलवून मिटून घेतलं. त्या एका मान हलवण्यासाठी आत्याने त्याला आजवर माफ केलं नव्हतं. तो जाऊन चाळीस वर्षं झाली होती, पण आत्याच्या रागाला वयाची अट नव्हती.

दुसऱ्या दिवशी समितीचे अभिलेख अधिकारी घरी आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलण्यालाही इस्त्री.

"फीत आपल्याच हस्ते कापायची आहे, बाई. युद्धकाळातल्या विमानांच्या सहवासात राहिलेल्या आपण एकमेव हयात व्यक्ती."

"सहवासात?" आत्या म्हणाली. "मी काय विमानांबरोबर बागेत फिरायला जात होते का हो?"

"तसं नव्हे. पण रजिस्टरात जे आहे तेच शिलेवर. आपल्या तारखांना आणणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ आहे आणि शेऱ्यात 'विमान आले' आहे. मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं तर नोंदीत फेरफार होतो. गुन्हा आहे तो."

"एकच अक्षर पाहिजे मला," आत्या म्हणाली. "आली नाही, आणली. मधला ण कुठे गेला?"

"कागदावर नाही तो."

"सबंध युद्धात एक अक्षर शहीद झालं आणि तुम्ही त्याला शिलेवर जागा देत नाही?"

भाचा घाईघाईने म्हणाला, "जाऊ दे ना आत्या. आपल्याला माहीत आहे ना सगळं."

"तुला काय माहीत आहे? मी सांगितलं तेवढंच. मी गेले की तू सांगणार आणि तू गेलास की संपलं. दगड राहणार. तो बोलेल ते खरं." ती अधिकाऱ्याकडे वळली. "येते मी. फीत कापते. पण आधी त्या रजिस्टरातल्या माझ्या तारखांचे शेरे सभेत मोठ्याने वाचायचे. सगळे."

"सगळे? एकशे त्रेचाळीस?"

"विमान आले, विमान आले, विमान आले. बघू पब्लिक कितव्या विमानाला विचारतं, आणतंय कोण म्हणून."

अधिकाऱ्याने विचार केला. नियमात कुठेही मनाई नव्हती. ते हो म्हणाले. भाच्याची बायको त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि म्हणाली, "साहेब, पाण्याची बाटली जवळ ठेवा."

समारंभाला दोनशे माणसं होती. शिलेवर पडदा, शेजारी पाथरवट छिन्नीची पिशवी घेऊन उभा, कारण पडद्याची खिळ्यावरची पट्टी सैल होती आणि ठोकाठोकी येणारा तेवढा एकच माणूस होता. आत्या पहिल्या रांगेत बसली. तिने अधिकाऱ्याला हाताने खूण केली, विमान सोडायच्या आधी करतात तशी.

अधिकाऱ्यांनी रजिस्टर उघडलं. त्यांनी आजवर त्यातलं पहिलं पान आणि बेरजाच पाहिल्या होत्या.

"विमान आले," त्यांनी वाचलं. "विमान आले. विमान आले."

नवव्या विमानाला मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. चौदाव्याला एक बाळ रडलं. आत्याने मागे वळून पाहिलं. लोक विचारणार नाहीत. लोक घड्याळ बघतील, पडदा उघडेल, टाळ्या वाजतील आणि एकशे त्रेचाळीस विमानं कायमची आपली आपण येऊन बसतील.

"विमान आले," अधिकाऱ्यांनी सतरावी नोंद वाचली आणि ते अडखळले. "आल्यावर पायरीवर बसून बूट काढले. मोज्याला भोक होते."

मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघायला लागले.

"काय आहे?" आत्या म्हणाली.

"असंच लिहिलंय बाई." त्यांनी पान जवळ धरलं. "अठरा. विमान आले. विमानाने चहा मागितला. संपला होता. विमान चिडले."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"एकोणीस. धुक्यामुळे विमान नदीकाठच्या शेतात उतरले व सकाळी पुन्हा निघून आले. विमानाला ताप एकशे दोन. घरी जा म्हटले असता विमानाने 'तुमचं काम बघा' असे सांगितले."

आता सगळी सभा हसत होती. अधिकारी हसत नव्हते, ते वाचत होते. त्यांचा आवाज मात्र इस्त्री मोडल्यासारखा झाला होता. विमानाच्या केसांत गवत होते. विमानाने दोन उशा मागितल्या, भांडारात एकच होती, दुसरी मी माझी दिली. विमानाच्या आईचे पत्र आले, विमानाने ते पंखाखाली उभे राहून वाचले. वाऱ्यामुळे तीन विमाने अर्ध्या वाटेवरून परत गेली, हे विमान आले.

आत्या हसत नव्हती. दुसरी उशी कुठून आली ते तिला आज कळत होतं.

"एकशे त्रेचाळीस," अधिकाऱ्यांनी शेवटची नोंद वाचली. "विमान आले. विमानास उद्यापासून कामावर येऊ नये असे कळवण्यात आले. विमानाने रजिस्टर पाहण्यास मागितले. नियमानुसार दाखवता आले नाही. विमान न बोलता गेले. मी उठून उभा राहिलो."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर मिटलं नाही, हातात उघडंच धरलं.

आत्या काठी टेकून उठली. भाचा आधार द्यायला धावला, त्याला तिने कोपराने बाजूला केलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही विमानतळावर किती वर्षं आहात?"

"सव्वीस."

"एखादं विमान बूट काढताना पाहिलंय?"

"नाही."

"ताप आलेलं?"

"नाही बाई."

"मग घाला तो ण."

अधिकाऱ्यांनी कपाळ पुसलं. नियमाच्या माणसाला नियमातूनच वाट सापडते. ते हळूहळू म्हणाले, "शेऱ्यावरून विमानात कोणीतरी होतं हे सिद्ध होतं. म्हणजे 'आणली' हे वाचन ग्राह्य धरता येईल. पण बाई, अडचण अशी की 'आणली' म्हटलं की कोणी आणली, हेही लिहावं लागेल. नाहीतर वाक्य अपुरं राहतं."

"ते तुमचं व्याकरण," आत्या म्हणाली. "मी फक्त ण मागितला होता."

पडदा फीत न कापताच ओढला गेला. पाथरवट पुढे झाला, बोटाने मापून म्हणाला, "आ आणि लीच्या मधे केसाएवढी फट नाही. सगळी ओळ घासून नवी करायची तर चार दिवस जातील. तसं करतो, डाग दिसणार नाही."

"डाग दिसू दे," आत्या म्हणाली. "शाळेत अक्षर राहिलं की काय करायचास?"

"हंसपद द्यायचो. ओळीच्या खालून खूण आणि वर राहिलेलं अक्षर."

"दे मग. राहिलं होतं आणि नंतर घातलं, हे सगळ्यांना वाचता आलं पाहिजे."

त्याने छिन्नी काढली. दोनशे माणसं उभी राहून एका अक्षराची ठकठक ऐकत होती. ण झाला. 'याशिवाय'च्या पुढे दुसरं हंसपद पडलं. पाथरवटाने फुंकर मारून मागे पाहिलं आणि विचारलं, "नाव सांगा. वेलांटी पहिली की दुसरी?"

कुठल्याही सरकारी दगडाने, कागदाने किंवा माणसाने तिला हे आजवर विचारलं नव्हतं.

"दुसरी," आत्या म्हणाली. "आणि खोल कोर."

नाव कोरून झालं तेव्हा सभेने जो गजर केला, त्याने छतावरची कबुतरं उडाली. भाचा रडत होता आणि सर्दी झाल्याचं शेजाऱ्याला सांगत होता. अधिकाऱ्यांनी स्वतः माईक आणून आत्यासमोर धरला. छायाचित्रकार गुडघ्यावर बसले. शाळेच्या मुलींनी वह्या उघडल्या.

"बाई," अधिकारी गहिवरून म्हणाले, "येणाऱ्या पिढ्यांना आपण काय सांगाल?"

आत्याने माईक जवळ ओढला.

"तुम्ही मला हा जो पाहुण्यांचा बिल्ला लावलाय ना," ती म्हणाली, "त्याची टाचणी मघापासून टोचतेय. कुणीतरी काढता का जरा?"