दहाव्याचं आचमन

आईला अग्नी मीच दिला. दहावा जवळ आला असताना एका सकाळी चहा ओठाच्या उजव्या कडेनं गळून ओढणीवर सांडला. आरशात पाहिलं, तर अर्धा चेहरा उतरलेला. उजवा डोळा मिटेना.

पुण्याहून आलेल्या सुधन्वाकाकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "तरी सांगत होतो, मुलीनं अग्नी देऊ नये. आता दहाव्याला नीरज बसेल."

"मीच बसणार," मी म्हणाले. ओठ नीट जुळत नव्हते.

काकांच्या नीरजनंच मला गाझियाबादहून नोएडाच्या इस्पितळात नेलं. "ताई, तू लवकर बरी हो यार. मला एकही मंत्र येत नाही."

डॉक्टर अलकनंदा म्हणाल्या, "भौंहें उठाइए." डावी भुवई उठली, उजवी जागची हलली नाही. त्यांनी माझ्या हातापायांतली ताकद पाहिली, कानात डोकावल्या. "दिमाग का लकवा होता तो आम तौर पर माथा हिलता. यह चेहरे की नस है. सूज गई है."

"मैंने माँ को आग दी थी. घर में कहते हैं, उसी से हुआ."

"जिन्होंने नहीं दी, वे भी आते हैं मेरे पास."

स्टेरॉइडच्या गोळ्या आजच सुरू करायच्या, डोळ्यात थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीनं मिटून घ्यायची. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत परत येतो, असं त्या म्हणाल्या.

काकांना सगळं सांगितलं. "गोळ्या घे ना, कोण नको म्हणतंय? पण पाटावर नीरज."

दहाव्याला हिंडन नदीच्या काठी नीरज पोहोचायच्या आत मी पाटावर बसले. गुरुजींनी आचमन सांगितलं. तळहातावरचं पाणी तोंडात घेतलं आणि ते हनुवटीवरून खाली आलं.

"बघा गुरुजी, आचमनसुद्धा पोटात जात नाही. ऊठ, अश्लेषा."

मी डाव्या हाताच्या चिमटीत ओठाची कड दाबून धरली आणि पुन्हा पाणी घेतलं. गिळलं. "माधवाय नमः" मात्र वेडंवाकडं उमटलं.

"अगं, उच्चार तरी शुद्ध हवेत!"

"बोलायला शिकले तेव्हाही असेच होते, काका. आईला कळायचे."

काका गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी दर्भ सारखे केले. "म्हणा माझ्यामागे," ते मला म्हणाले.

मी म्हणत गेले. डोळा गळत होता, लाळ गळत होती. पिंड ठेवून होईपर्यंत मी काहीच पुसलं नाही.